बडोद्यात पाण्यावर वस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओसाड तळ्यावर नाहीतर नाल्याकाठी आपल्या हातांनी घर बांधायचं, वीज-पाणी आपलं आपण बघायचं, असं मनात असलेली बडोदेकर मंडळी आम्हाला जे विचारतात त्याची ही उत्तरं. आम्ही म्हणजे वास्तुकला, सिव्हिल आणि सोलरच्या कामातले चार ओळखीचे लोक. संस्था नाही, विक्री नाही. उत्तरं बडोद्यापुरती आहेत. दुसऱ्या गावच्या वाचकांनी पुराची पातळी, काठाची माती आणि मगर या तीन गोष्टी बदलून वाचावं.

विश्वामित्री शहराच्या मधोमध वाहते आणि काठ रिकामे पडलेत. तिथेच का नाही बांधायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि बहुतेक वेळा मार्च-एप्रिलमध्ये येतो. तेव्हा काळ्या घोड्याच्या पुलावरून खाली बघितलं तर सांडपाण्याची एक बारीक धार दिसते आणि दोन्ही बाजूंना उंच, झुडपांनी भरलेले काठ. एवढी जागा वाया जातेय असं वाटतं. आता हीच नदी ऑगस्टमध्ये बघा. याच पुलाजवळ धोक्याची पातळी २६ फूट आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. तरंगतं घर बांधलंत तर उन्हाळ्यात ते चिखलात तिरपं बसेल आणि पावसाळ्यात तीन मजले वर येईल. इतक्या फरकात जिना, नळ, वायर काहीही नीट जोडलेलं राहत नाही.

काठ रिकामे आहेत कारण ती पुराची जागा आहे. पावागढच्या डोंगरात पडलेला पाऊस आणि आजवा तलावातून सोडलेलं पाणी शहरात शिरण्याआधी ज्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, पसरतं, ती कोतरं बुजवली की तेच पाणी समा, फतेगंज, अकोट्याच्या सोसायट्यांत जातं. आपण तिथे ‘पर्यावरणपूरक’ खांब ठोकले म्हणून पाण्याला काही फरक पडत नाही. खांबाला झाडं-ओंडके अडकतात आणि बांध तयार होतो. विश्वामित्रीवर घर बांधण्याच्या कुठल्याही आराखड्याला आमचं उत्तर ‘नाही’ आहे. त्यावर खूप वाद घालून झाला आहे.

मगरींचं काय? जाळी लावली तर चालेल ना?

मगर ही या शहराची जुनी रहिवासी आहे. २०२५ च्या गणतीत शहरातल्या नदीच्या पट्ट्यात चारशेहून जास्त मगरी मोजल्या गेल्या. गावाच्या मधोमध इतक्या मगरी असलेली दुसरी नदी शोधून सापडायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. तिला हुसकावणं, तिची बिळं बुजवणं हा गुन्हा आहे.

आराखड्याच्या दृष्टीनं तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, मगर थंड रक्ताची. तिला उन्हात पडायला सपाट, पाण्याला लागून असलेली जागा हवी असते. पाण्यापासून वीतभर उंचीचा लाकडी डेक तिला आयताच मिळतो. दोन, ती काठाच्या मातीत बीळ करते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथेच अंडी घालते. पावसाच्या सुरुवातीला पिल्लं बाहेर येतात आणि तेव्हा मादी कुणालाही जवळ येऊ देत नाही. काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, केलं की ती बिळं जातात आणि जनावर दुसरीकडे, म्हणजे बहुधा वस्तीकडे, सरकतं. तीन, पुरात ती नदी सोडून कुठेही जाते. २०२४ च्या पुरात वन विभागानं दोनेक डझन मगरी सोसायट्यांतून, रस्त्यांवरून उचलल्या.

म्हणून नदीपासून दूरच्या तळ्यावर बांधत असाल तरी डेकची कड पाण्यापासून निदान तीन फूट उंच, खाली सरळ उभी भिंत, पायऱ्या उचलून घेता येतील अशा. मासळीचं पाणी, उरलेलं अन्न पाण्यात टाकायचं नाही. पाण्यात पाय सोडून चहा प्यायचा बेत असेल तर तो केरळात करावा. जाळी? पाण्याखालच्या जाळीत आधी कासवं मरतात.

नदी नको तर कांस? भूखी कांस, रूपारेल कांस तर नुसती कचऱ्यानं भरलेली आहे.

नको. कांस म्हणजे पावसाळी पाण्याचा नाला, आणि बडोदं दरवर्षी का तुंबतं याचं अर्धं उत्तर त्या कांसांची रुंदी किती उरली यात आहे. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला. तशा दिवशी कांसेत उभं असलेलं काहीही, झोपडी असो की तुमचं बांबूचं देखणं घर, आडकाठीच ठरतं. कांस साफ करायला माणसं जमवा, राहायला नको.

मग पाणी उरलं कुठलं? सुरसागर?

सुरसागर, गोत्री, समा, हरणी, छाणी, बापोद, तरसाली, ही सगळी सार्वजनिक तळी आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात स्पष्ट म्हटलं आहे की तळं ही समाजाची ठेव आहे, ती घरासाठी वाटता येत नाही. तरंगतं घर म्हणजे ‘जमीन घेतली नाही’ असा युक्तिवाद काही हुशार मंडळी करतात. तो कोर्टात टिकेल असं आम्हाला वाटत नाही, आणि टिकू नये असंही वाटतं. एका तळ्यावर दहा सुंदर घरं आली की अकरावं हॉटेल येतं.

आम्ही ज्याच्याकडे बोट दाखवतो ती जागा कमी देखणी आहे : खासगी मालकीचे जुने खड्डे. विटभट्ट्यांसाठी माती काढून सोडलेल्या जमिनी, रस्त्याच्या भरावासाठी खणलेले खड्डे, शहराच्या कडेच्या शेतातली तलावडी. पावसात भरतात, मेपर्यंत आटतात, बिल्डरला नको असतात कारण भराव महाग पडतो. मालक ठरलेला, प्रवाह नाही, पातळीचा फरक सहसा आठ-दहा फुटांच्या आत. आणि खड्डा तसाच ठेवून त्यावर राहिलात तर शहराची पाणी साठवायची तेवढी जागा वाचते, हा आमच्या लेखी सगळ्यात मोठा फायदा.

पण उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडणार. मग तरंगतं घर कसलं?

बरोबर. म्हणूनच आम्ही तरंगत्या घराऐवजी उभयचर घर सुचवतो. घर एरवी जमिनीवर, विटांच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसलेलं. खाली तरंगते डबे. चार कोपऱ्यांत उभे खांब आणि त्यांच्यावर सरकणाऱ्या कड्या. पाणी आलं की घर सरळ वर उचललं जातं, ओसरलं की त्याच जागी परत बसतं.

ही नवलाई नाही. अमेरिकेत लुइझियानात मिसिसिपीच्या जुन्या पात्राकाठी मासे धरणाऱ्या लोकांनी आपली घरं अशीच उचलती करून घेतली होती. २००५ च्या कतरिना वादळानंतर तिथल्या अभ्यासकांनी तीच युक्ती नीट तपासली. नेदरलँड्समध्ये मासबोमेल गावी मास नदीकाठची घरं साडेपाच मीटरपर्यंत वर येऊ शकतात. आपल्याला जवळचं उदाहरण ढाक्याचं : २०१० मध्ये तिथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असंच एक घर उभं राहिलं, आणि त्याच्या तरंगत्या पायात वापरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या.

बडोद्याला हीच जात शोभते, कारण इथे पाणी बारा महिने नाही, चार महिने आहे, आणि त्यातलेही चार दिवस फार आहे. सखल सोसायटीत ज्यांच्या तळमजल्याचं सामान २०१९ ला आणि परत २०२४ ला भिजलं, त्यांच्यासाठी तळ्यावरच्या स्वप्नापेक्षा ही गोष्ट जास्त कामाची आहे.

निळ्या ड्रमवर खरंच घर उभं राहतं? हिशेब सांगा.

सांगतो, तो ज्याला जमतो त्यानंच बांधावं. २०० लिटरचा बंद ड्रम पूर्ण बुडाला की २०० लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे २०० किलो तोलतो. पण पूर्ण बुडवायचा नसतो. साठ टक्के धरा, १२० किलो.

समजा ४ × ६ मीटरची खोली, हलकी चौकट, सिमेंटबोर्डाच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. चौरस मीटरला १५० किलो धरले तर ३,६०० किलो. तिच्याखाली ५ × ८ मीटरचा तराफा, चौकट आणि फळ्या मिळून १,६०० किलो. माणसं, कपाट, भांडी, बॅटरी, पाणी मिळून १,५०० किलो. ६४ ड्रम, प्रत्येकी नऊ किलो, ते जवळजवळ ५८० किलो. एकूण सव्वासात टनांच्या आसपास. ६४ ड्रमची पूर्ण ताकद १२,८०० किलो. म्हणजे ड्रम निम्म्याहून थोडे जास्त बुडतात आणि साडेपाच टनांची शिल्लक राहते.

आता इकडे लक्ष द्या : आडवा ठेवलेला ड्रम सुमारे अर्धा चौरस मीटर जागा खातो. ६४ ड्रम म्हणजे ३५ चौरस मीटर. २४ चौरस मीटरच्या खोलीखाली ते मावतच नाहीत. घराच्या निदान दीडपट तराफा लागतो. इंटरनेटवरच्या चित्रांत भिंती थेट तराफ्याच्या कडेपर्यंत आलेल्या दिसल्या की समजा, चित्रकारानं ड्रम मोजलेले नाहीत.

भर घालताना हाच आकडा पाठ ठेवा. वर एक मजला, एक सिमेंटची टाकी, बाथरूमला शहाबादी फरशी, असं ‘एवढंसं’ करत टनाच्या वर वजन सहज वाढतं.

उलटणार तर नाही?

जानेवारी २०२४ मध्ये हरणीच्या तळ्यात सहलीला आलेली बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि अंगात लाइफ जॅकेट नाही, ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. तेव्हापासून बडोद्यात हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही, आणि आम्हीही सहज उत्तर देत नाही.

तराफ्याची स्थिरता रुंदीच्या घनानं बदलते. लांबी तीच ठेवून रुंदी निम्मी केली की उलटण्याला होणारा विरोध आठव्या हिश्शावर येतो. वरच्या पाच मीटर रुंद तराफ्यावर वीस माणसं एका कडेला उभी राहिली तर ती कड साधारण वीतभर खाली जाईल. थोडं घाबरायला होईल, पण घर परत सरळ होईल. तोच तराफा अडीच मीटर रुंद असता तर गर्दीनं पाणी डेकवर आणलं असतं. गणपती विसर्जनाचे ड्रमचे तराफे तळ्यावर फिरताना पाहिले असतील. मूर्ती मध्यभागीच का ठेवतात आणि तराफेवाला पोरांना एका बाजूला का जमू देत नाही, ते यावरून कळेल.

उंची दुसरी शत्रू. नायजेरियात लागोसच्या माकोको वस्तीत २०१३ मध्ये ड्रमवर तीन मजली त्रिकोणी शाळा बांधली होती. जगभर तिचे फोटो छापले गेले, बक्षिसं मिळाली. जून २०१६ मध्ये मुसळधार पावसात ती कोसळली. मुलं आधीच दुसरीकडे हलवलेली होती म्हणून निभावलं. ड्रमच्या घराला एकच मजला. माळा हवा असेल तर त्यावर गाद्या ठेवा, माणसं नको.

जुने ड्रम कुठून घ्यावेत?

बडोद्यात ड्रमला तोटा नाही, तोच घोळ आहे. नंदेसरी, मकरपुरा आणि आसपासच्या केमिकल कारखान्यांतून निघालेले ड्रम भंगारात स्वस्त मिळतात आणि आत काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. घातक रसायनाचे रिकामे डबे नियमानुसार अधिकृत ठिकाणीच धुऊन निर्धोक करायचे असतात. घरच्या नळाखाली विसळून ते पाणी गटारात सोडलंत तर ज्या तळ्यावर राहायला निघालात ते तुम्हीच खराब कराल. खाद्यपदार्थांसाठी वापरलेले ड्रम शोधा : ग्लुकोज, लोणच्याचा मसाला, फळांचा गर. झाकणाची आटी आणि रबरी वायसर तपासा. ड्रमवर ऊन पडू देऊ नका, चारसहा उन्हाळ्यांत प्लॅस्टिक ठिसूळ होतं. उघडं थर्मोकोल तर अजिबात नको. उंदीर कुरतडतात आणि त्याचे दाणे पाण्यात आयुष्यभर तरंगतात.

ड्रमची एक खरी चांगली बाजू : एक फुटला तर २०० किलो जातात, घर जात नाही. मोठ्या बंद काँक्रीटच्या पेटीत एक भेग पुरते.

खांब किती उंच, किती मजबूत?

उंची ठरवायला आजूबाजूच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा बघा, जुन्या शेजाऱ्यांना विचारा, त्यातली सगळ्यात वरची खूण घ्या आणि तिच्यावर आणखी चार-पाच फूट चढवा. खांब कमी पडला आणि कडी वरून निसटली, तर ते घर राहत नाही, होडी होते, आणि तिला सुकाणू नसतं.

मजबुतीत लोक पाण्याचा विचार करतात आणि वारा विसरतात. साचलेल्या खड्ड्यात प्रवाह जवळपास नसतो. पण भारतीय मानकात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो; खोलीच्या सहा मीटर लांब भिंतीवर दोन टनांच्या आसपास. हे सगळं चार खांबांवर येतं. म्हणून खांबांचा पाया आणि कड्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या. बाकी घर तुम्ही स्वतः बांधा, हौसेनं बांधा. खांब मात्र नको.

आणि घर वर गेलेलं असताना खाली ओंडका, दगड, मेलेलं जनावर येऊन बसतं. घर त्यावर उतरलं की तिरपं होतं. म्हणून खाली चारी बाजूंनी जाळी किंवा बांबूचा दाट कूड हवा.

वीज पूर्ण सोलरवर चालेल?

चालेल, खर्च आटोक्यात ठेवलात तर. बडोद्यात एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीनं रोज चार युनिटच्या आसपास देतं. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ आठवड्यात ते निम्म्यावर येतं. आराखडा त्या आठवड्यासाठी करायचा, एप्रिलसाठी नाही. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, चार-पाच दिवे, लहान फ्रिज, फोन-लॅपटॉप, छोटा पंप मिळून रोज सव्वादोन युनिट लागतात. दीड किलोवॉट पॅनेल आणि ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे पाच युनिट, एवढ्यात दोन दिवस अंधारून आलं तरी निभतं. बॅटरी घरात सगळ्यात उंच जागी, पण वजनानं मध्यभागी. पाण्याजवळ २३० व्होल्ट फिरवायचे असतील तर आरसीसीबीशिवाय, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय, एक दिवाही लावू नका.

कुणी म्हणतं, शहरात राहून ग्रिड, म्हणजे कंपनीची वीज, सोडायची कशाला? साधं कारण आहे. पुरात वीज कंपनीला पुरवठा बंद करावाच लागतो, नाहीतर माणसं शॉकनं मरतात. २०२४ ला कितीतरी भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, पंप बंद म्हणून पाणी नव्हतं, फोन बंद म्हणून मदत मागता येत नव्हती. त्या चार दिवसांत स्वतःचे सव्वादोन युनिट फार मोठे वाटतात. उरलेले ३६१ दिवस ग्रिडला जोडून राहिलात तरी आमची हरकत नाही.

आणि एसी?

नाही. छप्पर दुहेरी करा, मध्ये वीतभर हवा, वर पांढरा रंग, पश्चिमेला वेल.

पिण्याचं पाणी? खाली तर पाणीच पाणी आहे.

खालचं पाणी पिऊ नका. त्यात गटार मिसळलेलं असण्याची शक्यता धरूनच चाला. यूव्ही फिल्टर जंतू मारतो, रसायन काढत नाही.

पावसाचं पाणी बघा. बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस. ४० चौरस मीटर छपरावरून, वीस टक्के वाया गेलं धरूनही, २८-२९ हजार लिटर मिळतात. चार माणसांना सगळ्या वापरासाठी ते तीन महिने पुरतं. फक्त पिणं-स्वयंपाक म्हटलं तर रोज २४ लिटर, ऑक्टोबर ते मध्य जून सहा हजार लिटर. पाणी पुरेसं आहे. प्रश्न ठेवायचं कुठे हा. सहा हजार लिटर म्हणजे सहा टन, जवळजवळ आख्ख्या घराएवढं वजन! टाकी तराफ्यावर ठेवलीत तर वरचा सगळा हिशेब बुडाला.

दोन वाटा आहेत. टाकी काठावर, जमिनीखाली : अमदावाद-भरूचच्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांतल्या, घरांत अंगणाखाली टाकं असायचं, त्याच पद्धतीनं. ते पुराच्या पातळीच्या वर तोंड असलेलं आणि झाकण घट्ट. किंवा जाड फूड-ग्रेड पिशवी तराफ्याखाली पाण्यातच बुडवून ठेवायची. पाण्यात पाण्याला वजन नाही, त्यामुळे तराफ्यावर भार येत नाही. ही दुसरी युक्ती आम्हाला फार आवडते, पण खड्डा बारमाही भरलेला असेल तरच. उभयचर घराखाली ती पिशवी मेमध्ये जमिनीवर लोळेल. आंघोळ-कपड्यांचं पाणी उन्हाळ्यात बोअर किंवा टँकरचंच असणार. तेव्हा ‘आम्ही पाण्यात पूर्ण स्वावलंबी’ अशी पाटी लावू नका.

संडासाचं कसं करायचं?

हा प्रश्न लोक शेवटी, आवाज खाली आणून विचारतात. खरं तर वस्ती टिकणार की नाही ते यावर ठरतं. पाण्यात काहीही सोडायचं नाही. १९७४ चा जलप्रदूषण कायदा बाजूला ठेवला तरी, साचलेल्या खड्ड्यात तुमचं तुमच्याकडेच राहतं.

चालणारी पद्धत म्हणजे लघवी वेगळी करणारा कोरडा संडास. खाली बंद डबा, प्रत्येक वेळी ओंजळभर लाकडाचा भुसा किंवा राख. लघवी वेगळी गेली की वासाचा मोठा भाग जातो. भरलेला डबा काठावरच्या खत-हौदात, आणि तिथे निदान वर्षभर हात लावायचा नाही. नंतर झाडांना, पालेभाजीला नाही. डबा कोण नेणार? घरातलं प्रत्येक मोठं माणूस, पाळीनं. त्यासाठी दुसऱ्या कुणाला पैसे देऊन बोलवायचं असेल तर हा प्रकल्प आमच्याकडे आणू नका. या देशात ते काम कुणाच्या गळ्यात पडतं ते आपल्याला माहीत आहे.

आंघोळीचं, भांड्यांचं पाणी काठावर खडीच्या वाफ्यात सोडा, त्यात कर्दळ आणि वाळा लावा. वाफा तराफ्यावर नको, खडी जड असते.

डास?

असतील. गप्पी मासे सोडा, जलपर्णी दिसली की त्याच आठवड्यात काढा, खिडक्यांना जाळ्या लावा.

ॲमस्टरडॅम-लंडनला तर लोक सर्रास राहतात. आपल्याकडेच एवढे अडथळे का?

तिथेही सर्रास नाही. ॲमस्टरडॅमच्या उत्तर भागात स्कूनस्किप नावाची ४६ कुटुंबांची तरंगती वस्ती आहे. सुमारे ५०० सोलर पॅनेल, घराघरांत बॅटरी, आणि शेजारी एकमेकांना वीज देतात. पण कल्पनेपासून घरं पाण्यात येईपर्यंत दहा वर्षांच्या वर गेली, पाण्यातली जागा पालिकेकडून रीतसर मिळवावी लागली, आणि सगळ्या वस्तीत मिळून ग्रिडची एक जोडणी त्यांनीही ठेवली आहे. शिवाय तिथल्या कालव्यांची पातळी माणसं धरून ठेवतात. आपली ऑगस्टमध्ये पावागढ ठरवतो. लंडनमध्ये कायमचा धक्का नसलेल्या बोटीला १९९५ च्या कायद्यानुसार एका जागी सहसा १४ दिवसच थांबता येतं. मग पुढे सरका.

आणि आपल्याच देशातलं बघायचं तर मणिपूरचं लोकताक. तिथे तरंगत्या गवताच्या थरांवर, फुमदींवर, मासेमार पिढ्यान्‌पिढ्या झोपड्या बांधून राहायचे. २०११ मध्ये प्रशासनानं शेकडो झोपड्या जाळून काढल्या. स्वतः बांधलेली, ग्रिडबाहेरची वस्ती या देशात आधीपासून आहे. ती गरिबाची असली की अतिक्रमण म्हणतात.

म्हणजे काठावर आधीच राहणाऱ्यांचं काय, हे तुम्ही धरता का?

धरतो. ‘वापरात नसलेलं पाणी’ असं कुणी म्हणालं की आम्ही विचारतो, पहाटे जाऊन पाहिलंत का? शिंगाड्याचं पीक घेणारा, म्हशी धुणारा, गळ टाकून बसणारा, कपडे धुणारी, यांतलं कुणीतरी सापडतंच. त्यांच्याशी आधी बोला. परशुराम भठ्ठ्यासारख्या सखल वस्तीतल्या बायकांना पुराचं पाणी कुठून शिरतं, किती वेळात चढतं आणि सामान कुठे चढवायचं हे जितकं कळतं, तितकं आमच्या कुठल्याही नकाशात नाही. एका काकूंनी आमचा आराखडा पाहून विचारलं, ‘यात गॅसची टाकी कुठाय?’ नव्हती. आता ती डेकवर, उघड्यावर, साखळीनं बांधलेली असते; गॅस हवेपेक्षा जड, बंद पेटीत तळाशी साचतो.

किती घरांची वस्ती असावी?

आमच्या मते सहा ते बारा. सहाच्या खाली खत-हौद, वाफा, टाकं यांचा सामाईक खर्च अंगावर येतो. बाराच्या वर सभा सुरू होतात, आणि बडोद्याची मराठी मंडळी सभेत बसली की ठराव व्हायला दिवाळी येते. भाडेकरार, पाण्याचा, कचऱ्याचा आणि पुराच्या रात्रीचा नियम कागदावर हवा. पुराच्या रात्रीचा म्हणजे : कोण कड्या तपासणार, म्हाताऱ्यांना आणि मुलांना कोण आधी बाहेर नेणार, कुठे नेणार. घर तरंगतं म्हणून माणसांनी त्यात थांबायचं असं नाही. घर सामानासाठी तरंगतं.

परवानगी? बँकेचं कर्ज?

कर्ज विसरा, बँकेला तारण लागतं आणि तराफा तिच्या लेखी घर नाही. खासगी जमिनीवर, ठोकळ्यांवर बसणारं उभयचर घर मात्र बांधकाम म्हणून महानगर सेवा सदनाकडे, म्हणजे बडोद्याच्या महापालिकेकडे, रीतसर नेता येतं, कारण ते जमिनीवरच आहे. नकाशा पास करून घ्या, जमीन शेतीची असेल तर बिनशेती करून घ्या. खड्डा पाणथळ म्हणून नोंदलेला नाही ना, हे २०१७ च्या पाणथळ नियमांच्या अंगानं तपासा. पूर्ण तरंगतं, इंजिन असलेलं-नसलेलं काहीही पाण्यावर ठेवायचं तर २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा वाचावा लागतो. एखादा चांगला वकील आधी गाठा, सुतार मागून.

पटलं. या पावसाळ्यापासून काय सुरू करू?

बांधू काहीच नका. खड्ड्यात एक बांबू रोवा, त्यावर फुटाफुटाला रंगाचे पट्टे मारा आणि जून ते ऑक्टोबर दर रविवारी पातळी लिहा. जोराच्या पावसात दर तासाला. दिवाळीनंतर चार ड्रमचा, दीड मीटर चौकोनी तराफा करा, त्यावर वाळूच्या गोण्या ठेवत जा आणि किती गोण्यांना किती बुडतो ते पट्टीनं मोजा. आकडे आमच्या हिशेबाशी जुळले तर जानेवारीत भेटू. नाही जुळले तर त्याआधी या, ड्रम घेऊन या.